कासऱ्याचा ट्रॅक्टर

सिदू मिस्त्री ट्रॅक्टर चाटून ओळखत. दुसरं महायुद्ध संपून बारा-पंधरा वर्षं झाली होती आणि त्या वेळचे जुने ट्रॅक्टर भंगारात सोलापूरला येत. त्यांच्या पितळी पाट्या आधीच कोणीतरी उपटून मोडीत घातलेल्या. नवी पेठेमागच्या आपल्या शेडात मिस्त्री इंजिनाला जीभ लावत, डोळे मिटत आणि सांगत, "अमेरिकेचं हाय. बिलायती लोखंड तुरट लागतं." मी शेजारी राहणारा शाळामास्तर. ओतीव अक्षरांवरचा गंज खरवडून इंग्रजी वाचायचं काम माझं. मिस्त्री एकदाही चुकले नाहीत, याचा मला मनातून रागच येई.

ओळख पटली की मोडतोड सुरू. यंत्र साहेबानं बनवलं तसंच ठेवणं त्यांना पाप वाटे. त्याला कारणही होतं. आमच्याकडचा शेतकरी ट्रॅक्टरवर बसला की शेताच्या टोकाला बैलांच्या सवयीनं "होऽ" म्हणून हातातलं चाक छातीशी ओढी, आणि ट्रॅक्टर बांध ओलांडून शेजाऱ्याच्या तुरीत. लोक म्हणत, माणसाला नीट शिकवा. मिस्त्री म्हणत, "माणूस म्हातारा व्हतो. यंत्राला शिकवा की. त्याला काय धाड भरलीया?"

एका उन्हाळ्यात त्यांनी बाकीची सगळी कामं परत पाठवून एकच ट्रॅक्टर धरला. म्हणे सांगोल्याकडचं गिऱ्हाईक आहे. विहीर खोदताना दरड कोसळून त्याचे दोन्ही पाय लुळे पडलेले. पावसाआधी स्वतः नांगरट जमली नाही, तर तो रान दुसऱ्याला वाट्यानं देऊन टाकणार होता. मिस्त्रींनी पायानं दाबायचे खटके काढले, चाक काढलं आणि चक्क बैलांचे कासरे बसवले. डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे, दोन्ही ओढले की उभा. सगळी पेठ हसली. मीही हसलो.

चाचणीला मला बरोबर नेलं. गिऱ्हाईक म्हणजे त्यांचे थोरले भाऊ अण्णा, हे मला रानात गेल्यावर कळलं. बैलांमागं चालायचं सोडून धाकटा शहरात इंजिनं चाटत बसला, म्हणून अण्णांनी आठ वर्षं बोलणं टाकलं होतं. आताही बोलले नाहीत. चौघांनी उचलून त्यांना वर बसवलं. मिस्त्री छाती पुढे काढून उभे होते.

नांगराचं पहिलं तास सरळ गेलं. बांध आला. अण्णा सवयीनं "होऽ" ओरडले आणि होती नव्हती ती ताकद लावून कासरे ओढले. ट्रॅक्टर बांधाच्या हातभर अलीकडे उभा राहिला. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

अण्णांनी पुढे वाकून बैलाच्या पाठीवर मारावी तशी पत्र्यावर थाप मारली. मग मागे न बघताच म्हणाले, "सिदू, जनावर तापलंय. पाणी पाज."

मिस्त्री बादली घेऊन धावले. इंजिनाची पाण्याची टाकी मघाशीच मी काठोकाठ भरली होती. तसं सांगणार होतो, पण ते आमच्याकडे पाठ करून ओततच राहिले. पाणी टाकीवरून त्यांच्या धोतरावर, पायांवर, ताज्या तासात वाहत होतं. बादली रिकामी झाली, तशी ते दुसरी भरून आणायला गेले.