वास घे आणि रिपोर्ट दे

आमचे घरमालक सुभेदार जगदाळे कुठलंही क्रीम आधी चाटून बघतात. बोटाच्या टोकावर मुगाएवढं घेतात, डोळे मिटतात, जिभेला लावतात, मग बेसिनपाशी जाऊन थुंकतात आणि निकाल देतात. जयपूरच्या खातीपुऱ्यातल्या त्यांच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली त्याच दिवशी मी हा प्रकार पाहिला. काका पंख्याचा रेग्युलेटर दुरुस्त करायला वर आले होते. टेबलावर माझी क्रीमची नवी बाटली होती. मी "अहो काका" म्हणेपर्यंत क्रीम जिभेवर पोचलं होतं.

"हे गोडसर लागतंय," ते म्हणाले. "वर कोरफडीचं चित्र हाय. कोरफड कडू असती. मतलब कोरफड फक्त चित्रात हाय."

आणि मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे पुढे दोन वर्षं मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. "जे जिभेला चालत न्हाई, ते गालाला कशाला?"

काका मूळचे सातारा जिल्ह्यातले. उभी हयात फौजेत गेली. शेवटचं पोस्टिंग जयपूरला होतं, आणि शालनकाकूंना इथली कोरडी हवा मानवली म्हणून निवृत्तीनंतर इथेच छोटं घर बांधलं. काकू कोरोनात गेल्या. मुलगी अश्विनी पुण्याला नोकरी करते. मी नाशिकची. माझं ऑफिस जगतपुऱ्यात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पण घरमालक मराठी आहेत आणि वर फौजी आहेत हे कळल्यावर माझ्या आईने दुसरी खोली बघूच दिली नाही. त्यामुळे मी रोज तासभर जाते, तासभर येते आणि कायम घाईत असते. ही घाई लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

काकांचं स्वयंपाकघर म्हणजे उटण्याचा कारखाना होता. मसूर डाळ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकचरी, संत्र्याच्या वाळवलेल्या साली, कडुनिंबाचा पाला, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं एकसारख्या बरण्यांत, उंचीप्रमाणे रांगेत. बरणीचं झाकण वाकडं असलं तर काका तिला दटावून सरळ करायचे. माल आणायला ते स्कूटरवरून जुन्या शहरातल्या पन्साऱ्याकडे, म्हणजे काष्ठौषधीवाल्याकडे, जात. हळकुंड मोडून आतला रंग बघत. मुलतानी मातीचा खडा दुकानातच पाण्याच्या पेल्यात टाकत आणि तळाशी वाळू बसली तर तो पेला दुकानदारासमोर पुराव्यासारखा धरत. एकदा मी सोबत होते. काकांनी मूठभर नागरमोथा नाकापाशी नाही, डोळ्यांपाशी नेला आणि म्हणाले, "भैया, ये नागरमोथा है कि झाडू का बुरादा?" पन्सारी हसून आतली दुसरी गोणी उघडायला गेला. त्याला सवय होती.

पूड वस्त्रगाळ करायला लागणारं मलमलही साधंसुधं चालायचं नाही. ते जयपूरजवळच्या बगरू गावातल्या कापड छापणाऱ्यांकडून कोरं आणलेलं, खळ पूर्ण गेलेलं असायला हवं. बाजारातल्या पाकिटांवर काकांचा खास राग होता. त्यांनी एक वही केली होती आणि तिच्यात 'नापास' असं शीर्षक देऊन साबण, फेसवॉश आणि लेप यांची नावं लिहिली होती, शेजारी जिभेचा शेरा. 'खारट.' 'फेस येतो, हेतू कळत नाही.' 'गोड, साखर लपवली आहे.' 'पास' नावाचं पानही होतं. त्यावर एकच नोंद होती आणि ती खोबरेल तेलाची होती.

दर रविवारी सकाळी ताजं उटणं तयार व्हायचं आणि काका वाटी घेऊन जिना चढायचे. दारात उभे राहून वाटी पुढे करायचे.

"वास घे आणि रिपोर्ट दे."

मला वाटायचं, ही फौजेतली शिस्त. एकाने काम करायचं, दुसऱ्याने तपासायचं. सुरुवातीला मी मनापासून रिपोर्ट द्यायचे. वाळा जास्त झालाय, संत्र्याची साल नीट वाळलेली नाही, गुलाब जाणवतच नाही. काका खिशातली पेन्सिल काढून लिहून घ्यायचे आणि इतके खूश व्हायचे की मला नवल वाटायचं. तासाभराने दुरुस्त केलेली वाटी पुन्हा वर यायची. आता बघ म्हणायचे. मी बघायचे.

मग हळूहळू कंटाळा शिरला. रविवारी उशिरापर्यंत झोपावंसं वाटायला लागलं. खरा रिपोर्ट दिला की वाटी पुन्हा यायची. 'एक नंबर, काका' म्हटलं की दार लावता यायचं. मी अर्धवट झोपेत, वाटी हातभर लांब असतानाच, 'एक नंबर' म्हणायला शिकले.

आता कबूलच करायचं तर सगळं करते. मला दर महिन्याला मिळणाऱ्या बरणीतलं उटणं मी चेहऱ्याला चारच दिवस लावलं. त्वचा ओढल्यासारखी व्हायची आणि कानामागे पिवळं राहायचं. त्या उटण्याने माझी तांब्याची बाटली मात्र लखलखीत निघायची. चेहऱ्यासाठी कपाटात टॉवेलमागे दुकानातलं फेसवॉश लपवलं होतं. काका विचारायचे, "फरक पडला ना?" मी म्हणायचे, खूप पडला. बाटली दाखवली असती तर तेही खरंच होतं.

काही गोष्टी माझ्या ध्यानात यायला हव्या होत्या. एकदा मी खाली उतरले तर घरभर करपलेल्या दुधाचा धूर, आणि काका ओट्यापासून चार हातांवर शांतपणे पेपर वाचत बसलेले. मी धावत जाऊन गॅस बंद केला आणि त्यांची थट्टा केली, की काका, आज चहाचं उटणं का? ते हसले आणि पातेलं चकचकीत झाल्यावरही घासत राहिले. दुसऱ्यांदा, एका लग्नाला जाताना मी अत्तर जरा जास्तच मारलं होतं. आता भाषण ऐकावं लागणार म्हणून मी जिन्यावरून चोरपावलांनी उतरले. काका समोर आले, साडी छान आहे म्हणाले आणि निघून गेले. अत्तरावर अवाक्षर नाही. आज सुटले म्हणून मला आनंदच झाला. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघण्याची बुद्धी मला झाली नाही.

गेल्या वर्षी अश्विनीचं लग्न ठरलं. हळद साताऱ्याला, मार्गशीर्षात. काकांनी ट्रंकेतून काकूंची जुनी वही काढली. जिभेचं ते वाक्य मूळचं काकूंचं, हे मला तेव्हा कळलं. लहानपणी अश्विनीला दुकानातल्या साबणाने अंगावर लाल पट्टे उठायचे, म्हणून काकू प्रत्येक पोस्टिंगवर, जे मिळेल त्यातून तिच्यासाठी घरी उटणं करायच्या. वहीच्या शेवटच्या पानावर 'अश्विनीच्या हळदीसाठी' असं लिहून एक वेगळी कृती होती. तिच्यात नेहमीच्या जिनसांबरोबर पावशेर चारोळी होती.

ते पान काकांना पाठच असणार, कारण चारोळी त्यांनी लग्न ठरायच्या बोलण्यातच, उन्हाळ्याच्या तोंडाला घेऊन ठेवली होती. नवा माल, टपोरा, एकेक दाणा निवडलेला. ऐनवेळी मिळाली नाही तर, ही फौजी काळजी. घट्ट झाकणाचा डबा भरून त्यांनी तो माळ्यावर ठेवला. जयपूरचा सबंध उन्हाळा तो डबा पत्र्याखाली तापत पडला. चारोळी महिनोन्महिने उकाड्यात ठेवली की काय होतं ते कुठल्याही मराठी घरात ठाऊक असतं. काकांना ते ठाऊक नव्हतं, कारण तो विभाग काकूंचा होता.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी फाटकाशी कॅबमध्ये बसत होते. कानाला फोन होता, पलीकडे मीटिंग सुरू झाली होती. काका हातात वाटी घेऊन चपला न घालताच धावत आले. वाटी खिडकीतून आत आली. "वास घे आणि रिपोर्ट दे," ते म्हणाले. दम लागला होता त्यांना.

मला वास आला होता. हे मी कितीही वेळा मनात फिरवलं तरी बदलत नाही. हळदीच्या आणि वाळ्याच्या खालून जुन्या तेलासारखा एक वास आला होता, खवट. क्षणभर वाटलं, सांगावं. मग वाटलं, चारोळीचा असाच येत असेल. मग फोनवर कोणीतरी माझं नाव घेतलं.

"एक नंबर, काका," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझंच कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी ते स्टीलचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले. सामानात ठेवायला तयार नव्हते.

दहा-बारा दिवसांनी परत आले. मी पेढे घ्यायला खाली गेले. त्यांनी पेढे दिले, पाणी दिलं, लग्न छान झालं म्हणाले. मी हळदीचं विचारलं. काका खुर्चीत बसले आणि सांगू लागले, दुसऱ्या कोणाची हकीकत सांगावी तसे. डबा उघडला तशा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकूंच्या बहिणीने डब्यावर हळूच ताट झाकलं आणि कोणालातरी दुकानातून उटण्याचं पाकीट आणायला पिटाळलं. काकांना काय चाललंय ते कळेना. शेवटी तिनेच त्यांना बाजूला घेऊन विचारलं, भावजी, आणताना वास नाही का बघितला?

"काय म्हणालात मग?" मी विचारलं.

"म्हणालो, प्रवासात बिघडलं असंल." मग पेढ्यांचा डबा बंद करत ते म्हणाले, "अश्विनीनं पायाला लावून घेतलं थोडं. बापाचा मान राखला पोरीनं."

मी पेढा हातातच धरून बसले होते.

"मला वास येत न्हाई, मुग्धा. त्या तापात शालन गेली आणि माझा वास गेला. जीभ गोड-खारट-कडू तेवढं सांगती. बाकी काही न्हाई. कुणाला बोललो न्हाई मी. अश्विनीला कळलं असतं तर मला एकटं राहू दिलं नसतं तिनं." मग त्यांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात. "तुला त्या दिवशी आला व्हता का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. पण तेवढं तरी मी केलं नाही. "आला होता," मी म्हणाले. "थोडासा. मी घाईत होते, काका."

"बरं," ते म्हणाले. रागावले असते तर मला सोसलं असतं.

पुढच्या रविवारी मी लवकर उठून बसले. वाटी आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी मीच खाली गेले. बरण्या रांगेत होत्या, पण त्यांच्यावर बगरूचं मलमल पांघरलेलं होतं. बेसिनशेजारी दुकानातलं उटण्याचं पाकीट होतं, हसऱ्या मुलीचा फोटो असलेलं. "काका, हे चाटून बघितलं का?" मी उगीच विचारलं.

"न्हाई. पाकिटाला मागं तारीख छापलेली असती," ते म्हणाले. "कुणाला विचाराय लागत न्हाई."

त्यात टोमणा नव्हता. काकांना टोमणे मारता येत नाहीत. मी म्हणाले, मी घेत जाईन वास, दर रविवारी, नीट घेईन. ते उठून देवाच्या फडताळापाशी गेले आणि मागच्या बाजूने एक छोटी पितळी डबी काढून आणली. झाकणाभोवती चिकटपट्टी होती. ती त्यांनी नखाने हळूहळू सोडवली.

"शालनच्या हातचं. शेवटचं केलेलं," ते म्हणाले. "मी उघडत न्हाई कधी. उघडून मला काय कळणार? बघ, अजून येतो का."

मी डबी दोन्ही हातांत घेतली. तळाशी चिमूटभर तपकिरी पूड होती. आधी नुसता पितळेचा वास आला. मी घाई केली नाही. डोळे मिटले, पुन्हा श्वास घेतला, आणखी एकदा घेतला. आणि मग खूप खालून, अगदी पुसट, वाळा आला.

"येतो, काका," मी म्हणाले. "वाळ्याचा. थोडाच आहे, पण येतो."

काका माझ्याकडे बघत राहिले. किती रविवार त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असतील, मला माहीत नाही. त्यांनी डबी घेतली, झाकण लावलं, चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसवली.

"एक नंबर," ते म्हणाले. माझ्याच सुरात.

वास खरंच येत होता. मी पुन्हा सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं. ते समजुतीने मान हलवत राहिले, लहान मुलाचं ऐकून घ्यावं तशी. मग चहाला दूध गॅसवर ठेवलं आणि डबी जागेवर ठेवायला आत गेले. जाताना म्हणाले, करपायला लागलं तर बंद कर. मी ओट्याशी उभी राहिले आणि दूध वर येईपर्यंत पातेल्यावरची नजर हलवली नाही.