ज्वारीची कोठी आणि माझा जोर

ज्वारीची कोठी भरलेली असतानाच सरकवायची, असं मी ठरवलं. चूक तिथंच झाली, हे मला मान्य नाही. (घरात बाकी सगळ्यांना आहे.)

चांदूर बाजारच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मी तीस वर्षं कापसाचे बोझे पाठीवर वाहिले. शाळा दुसरीपर्यंत. सही येते. तेवढ्यावर माझं काही अडलं नाही. पण त्रेसष्ट साली मुलगी मैना मॅट्रिक झाली आणि अमरावतीच्या कॉलेजात शास्त्र शिकायचं म्हणून फॉर्म घेऊन आली. परवा शेवटची तारीख, बापाची सही पाहिजे. मी नाही म्हटलं. पोरगी परगावी एकटी राहणार नाही. विषय संपला.

दुसऱ्या सकाळी आमची मंडळी, सुंदराबाई, म्हणाली, "छपराचं कवेलू गळून राह्यलं. ज्वारी भिजन. कोठी हातभर सरकवा. का माणसं बोलावू?"

माणसं! सहा पोत्यांच्या लाकडी कोठीला! मी सदरा काढला आणि खांदा लावला.

घटकाभरानं मैना पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "बाबा, सरकली का?"

"सरकन."

"मंग अजून काम झालं नाही."

"काय म्हनली?"

"जोर कितीबी लावा, वस्तू जागची हलली नाही तं काम शून्य. पुस्तकात हाये."

"आन् हा घाम?"

"ते ऊर्जा खर्च झाली. काम नाही झालं."

शून्य! तीस वर्षांच्या पाठीला कोणी असं बोललं नव्हतं. मी म्हणालो, "तुयं पुस्तक खोटं. दिवे लागायच्या आत कोठी सरकवतो. सरकली तं शिक्षण बंद. नाही सरकली तं सही देतो." (कोठी सरकल्यानं पुस्तक खोटं कसं ठरेल, हे कोणी विचारलं नाही. मैना तर लगेच कबूल झाली.)

दुपारपर्यंत डावा खांदा गेला. मग उजवा. मैना म्हणाली, "बाबा, पहार घाला खाली. कमी जोरात उचलते."

"पुस्तकाची मदत नको मले."

शेवटी मी जमिनीवर बसलो. पाठ कोठीला, पाय समोरच्या तुराट्यांच्या कुडाच्या भिंतीला. पलीकडे शेषरावचं घर. दात आवळून असा रेटा दिला की काहीतरी हललंच. कोठी नव्हे. कूड. माझे दोन्ही पाय मांडीपर्यंत शेषरावच्या घरात गेले. तो भाकरी खात होता.

"काहून रे देवमन," पलीकडून आवाज आला, "नुसते पायच पाठवले? तूबी ये ना जेवाले."

मैनानं वाकून भोक पाहिलं. "कूड सरकला, बाबा. हे काम झालं."

"मंग?"

"पन शर्त कोठीची होती."

दिवे लागले. सुंदराबाईनं कंदील ठेवला, कंदिलाशेजारी फॉर्म, दौत आणि टाक. मी शब्द फिरवत नाही. सही केली.

मैनानं शाई वाळवून फॉर्म पेटीत ठेवला. तेव्हा सुंदराबाई खुरपं घेऊन आली आणि कोठीच्या पायाजवळचं सारवण खरवडलं. खाली चुना आणि दगड. पाय हातभर जमिनीत.

"बारा वर्सांमांगं तुमीच गाडले," ती म्हणाली. "चोर कोठी नेतीन म्हून."

"तुले ठाव होतं?"

"दर आठोड्याले सारवतो मी."

"मंग सकाळी काहून नाही सांगतलं?"

"सकाळी सही कुठं झाली होती?"

मी मैनाकडे पाहिलं. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, सही करताना टाक दोन बोटं सरकला. तेवढं काम झालं तुमचं."

मी तरीही सांगतो, ते पुस्तक हमालानं लिहिलेलं नाही.

कोठी आजही तिथंच आहे. गळकं कवेलू सुंदराबाईनं दुसऱ्या सकाळी बदललं. पाच मिनिटं लागली. मी खाली शिडी धरून उभा होतो. अशी घट्ट धरली की तसूभर हलू दिली नाही.

(म्हणजे पुन्हा शून्य.)