आल्या वाटेनं नाही

पहिल्याच रविवारी मी डबा, टोपी आणि घराची किल्ली असलेली पिशवी एका बाभळीच्या फांदीला अडकवली आणि मोकळ्या हातांनी पुढे निघालो. खांदा दुखत होता. वाट नदीकाठची, सरळ, एकच. येताना घेऊ, म्हटलं. पण येताना ती बाभूळ आलीच नाही. जाताना डावीकडे असलेली नदी येतानाही डावीकडेच राहिली, मग दिसेनाशी झाली, आणि शेवटी आम्ही एका पोल्ट्रीच्या मागच्या बाजूने डांबरी रस्त्यावर निघालो.

"काका, माझी पिशवी!"

"कुठे आहे?"

"वाटेत. येताना घेणार होतो."

शेंडेकाकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आलो त्या वाटेनं परत जायचं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

नव्हतं. पिशवी पुढच्या रविवारी मिळाली. डबा मुंग्यांनी धुऊनपुसून ठेवला होता.

शेंडेकाका बिबवेवाडीच्या आमच्या इमारतीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एकटेच. निवृत्त झाल्यावर इथे राहायला आले. सगळी नोकरी एका कचेरीत नकाशे काढण्यात गेली, पण फिरायला निघताना नकाशा कधी बरोबर घेत नाहीत.

"नकाशा रस्ता माहीत नसलेल्यांसाठी असतो," ते म्हणतात.

"मग आपल्याला माहीत आहे का?"

"आपण चालतोय ना?"



दर रविवारी त्यांची 'सोपी चाल' असते. स्वारगेटवरून एसटी पकडायची, नदीकाठच्या एका लहान गावी उतरायचं, काठाकाठाने देवराईतून बंधाऱ्यापर्यंत जायचं. चढ नाही, दम लागत नाही. गावाचं नाव मी सांगत नाही. काकांची सक्त ताकीद आहे : "नाव छापलंत की पुढच्या रविवारी तिथे स्विमिंग पूल झालेला असेल."

जाताना खरोखरच सोपं असतं. देवराईत करंजाची गार सावली, कुठेतरी धनेश ओरडत असतो, नदी हळू वाहते. घोटाळा परतताना. कधी बंधाऱ्याखालच्या दगडांवरून पलीकडे जायचं, कधी उसातून, कधी कुणाच्या गोठ्यातून. एकदा आम्ही चालत चालत एका बारशात शिरलो आणि जेवूनच बाहेर पडलो. सुरुवातीला इमारतीतले बरेच जण यायचे. दोन महिन्यांत मी एकटा उरलो, तोही माझ्या साखरेपायी बायको दामटून पाठवते म्हणून.

वाटेत भेटणाऱ्या माणसांची समजूत घालणं हे माझं काम.

"अवो, काठानं सरळ जावा की," एक शेतकरी म्हणाला. "चांगला रस्ता हाय."

"त्याच रस्त्याने आलो," काका म्हणाले.

"मंग?"

"मग तो नको."

शेतकऱ्याने मला बाजूला घेतलं. "बरं हाय ना ह्यांचं?"

खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नव्हतं. शहरातही त्यांचं हेच. नदीपलीकडे लग्नाला गेले तर एका पुलावरून जाणार, दुसऱ्यावरून येणार. इमारतीत लिफ्टने वर, जिन्याने खाली. मी आपला समजत होतो की हा पुणेरी हट्ट आहे. आपल्याकडे हट्टाला कारण लागत नाही.

परवाच्या रविवारी मात्र बंधाऱ्यावर पोचलो तर खालचे दगड पाण्यात बुडालेले. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. एका अंगाला ओल्या नांगरटीत पाय पोटरीपर्यंत जात होता. दुसऱ्या अंगाला कुणीतरी जमीन घेऊन नवं तारेचं कुंपण घातलेलं. काकांनी कुंपण हलवून पाहिलं. चिखलात उतरून पाहिलं. चप्पल आत राहिली, ती मी काढली. एसटी पाचची, आणि ती शेवटची.

"चला काका, मागे फिरू."

ते बंधाऱ्यावर बसले. "तुम्ही व्हा पुढे."

"आणि तुम्ही?"

"पाणी उतरेल."

"कधी? दिवाळीला?" मी वैतागलो होतो. "अहो, फिरायला आलोय आपण. हे काय व्रत आहे? उद्यापन करून टाका आता!"

 ते पायाचा चिखल काडीने खरवडत राहिले. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "हिला तपासण्यांना घेऊन निघालो होतो. रिक्षाने. साध्या तपासण्या. वाटेत रसवंती लागली. मी म्हटलं, थांबायचं का? तर म्हणाली, अहो, आत्ता नको, उशीर होईल. येताना पिऊ."

मी उभाच होतो. बसावं की नाही ते कळेना.

"येताना मी एकटा. रिक्षा त्याच रस्त्याने आली आणि सिग्नलला नेमकी तिथेच थांबली. चरकाचे घुंगरू वाजत होते. पोरगं म्हणालं, काका, देऊ का रस?" त्यांनी हातातली काडी पाण्यात टाकली. "एवढंच. दुसरं काही नाही."

अशा वेळी माणसाने काहीतरी चांगलं बोलावं. मी म्हणालो, "काका, मी पुढे चालू की मागे?"

असला प्रश्न का विचारला, देव जाणे. पण त्यांनी तो नीट मनावर घेतला. विचार करून म्हणाले, "पुढे. आणि बोलत राहा. काहीही बोला."

मग मी बोलत सुटलो. माझी साखर, इमारतीची गळकी टाकी, आमच्या ऑफिसातल्या साहेबांची घटस्फोटाच्या बेतात असलेली मुलगी, तोंडल्याची भाजी. मागून पावलं ऐकू यायची. मध्येच थांबायची. मग मी आवाज चढवायचो, की पुन्हा सुरू व्हायची. देवराईत शिरलो तेव्हा तर माझ्याकडचे विषयच संपले आणि मी पाढे म्हणायला लागलो. एकोणतीसच्या पाढ्यात काकांनी मागून चूक काढली. माझा जीव भांड्यात पडला.

देवराईच्या टोकाला एक झोपडं आहे. इतक्या वेळा तिथून गेलो, मी कधी नीट बघितलंही नव्हतं. त्याच्या दारात एक म्हातारी उभी होती. आम्हाला पाहून तिने कपाळाला हात लावला.

"आगं बया! आलात व्हय परत?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"दर ऐतवारी जाताना दिसता. माघारी येताना कवाच न्हाई दिसत. म्या अंधार पडस्तवर बसती हितं दारात. वाटतं, बुडाली का काय माणसं! दुसऱ्या ऐतवारी पुन्हा हजर! मला तर काई कळंनाच बघा."

काका तिच्याकडे बघत राहिले. "तुम्ही वाट बघत होतात? आमची?"

"मंग? गेलेलं माणूस माघारी नको का यायला? बसा, च्या टाकती."

मी घड्याळाकडे पाहिलं. काका ओट्यावर बसलेसुद्धा. चहा गुळाचा होता, त्यांनी दोनदा मागून घेतला. एसटी गेली. दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मधोमध बसून आम्ही स्वारगेटला आलो. 

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने पोळ्या लाटणं थांबवून ऐकून घेतलं.

"काय हो नाव त्यांच्या बायकोचं?"

"विचारलं नाही."

तिने गॅस बंद केला, हात पुसले.

"मग आत्ताच्या आत्ता वर जा आणि विचारून या," ती म्हणाली. "ते नाव मोठ्याने घ्यायला मिळून त्यांना किती दिवस झाले असतील."