शेवटच्या नावाड्याची शिफारस

येत्या रविवारी सभा होती आणि त्या सभेत चित्रांचं कपाट रद्दीत जाणार होतं. जुन्या जालन्यातल्या वाचनालयाचे अध्यक्ष काकासाहेब तसं तोंडावर सांगून गेले होते. "देवानंदराव, एका तरी मोठ्या माणसानं या कपाटातलं पुस्तक घरी नेलेलं दाखवा. न्हाई तर रहमतुल्ला रद्दीवाल्याला बोलवून घेतो."

ग्रंथपाल देवानंद कपाटावरची धूळ झटकायला लागला. कपाटात चित्रकादंबऱ्या होत्या. चौकटी-चौकटीत चित्रं काढून सांगितलेल्या अख्ख्या कादंबऱ्या, मोठ्या माणसांसाठी लिहिलेल्या. देवानंदनं त्या कुठून कुठून पिशव्यांतून वाहून आणल्या होत्या. वर्षानुवर्षं तो येईल त्याच्या हातात एक द्यायचा, आणि येणारा ती तितक्याच प्रेमानं टेबलावर ठेवून पेपर उचलायचा. जालन्यात माणूस वाचून वाचून काय वाचणार, तर मोंढ्यातले धान्याचे भाव. बाकीची वाचनसंस्कृती बिचाऱ्या वाळवीनंच सांभाळली होती.

त्यातही 'शेवटचा नावाडी' म्हणजे त्याचा जीव की प्राण. गोदावरीकाठचा एक नावाडी लग्न करतो, सुखात असतो, आणि एका पुरात त्याची बायको बुडते. मग नदीवर पूल होतो. नावेला कोणी कुत्रं विचारत नाही, तिची लाकडं चुलीत जातात आणि म्हातारा काठावर एकटाच मरतो. दुर्गाबाई, म्हणजे देवानंदची बायको, वारली तेव्हापासून तो नावाड्याची बायको बुडायच्या पानापर्यंतच वाचायचा. पुढचं पाठ होतं, पण वाचवत नव्हतं.

तर त्यानं कंबर कसली. पहिला तावडीत सापडला पुंजाराम, मोंढ्यातला हमाल.

"हे घेऊन जा पुंजाराम. माणसाच्या अख्ख्या जन्माची गोष्ट हाये."

पुंजारामनं पानं चाळली. "चित्रंच चित्रं हायेत की. मी काय लेकरू हाये का?"

"मोठ्यांसाठीच हाये ते."

"मंग चित्रं कामून काढली?"

देवानंदनं पुस्तक काखोटीला मारलं. त्यानं उषाबाई मास्तरणींना गाठलं. त्यांनी पुस्तक वरून खालून पाहिलं आणि यात स्वेटरचे नमुने आहेत का म्हणून विचारलं. नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला की देवानंदलाच अपराध्यासारखं झालं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. आपल्या हातून आयुष्यात एकही माणूस वाचता झाला नाही, हे त्याला आता पक्कं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी गयासोद्दीन शिंपी देवानंदची पँट कमरेत उसवून, ढिली करून घेऊन आला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं देवानंदनं त्यालाच धरलं.

"गयासभाई, तुम्ही न्या की एक पुस्तक."

"भाऊ, मला मराठी बोलाया येती, वाचाया कुठं येती? मी उर्दू शाळेतला."

"चित्रं तर बघता येतेत ना? जे दिसंल ते वाचा."

गयासोद्दीन भिडस्त माणूस. 'शेवटचा नावाडी' पँटच्याच कागदात गुंडाळून घेऊन गेला.

आणि काय सांगावं, तिसऱ्याच दिवशी वाचनालयाच्या पायरीवर चपला मावेनात. गयासोद्दीनच्या मोहल्ल्यातली सरदारबी आली, ती बुरखा सावरत थेट टेबलापाशी. "नावाडीवाली किताब हाये का? गयासमियांच्या दुकानात आयकली. लई रडले मी, खुशीनं."

"खुशीनं?" देवानंद दचकला.

"मंग काय! बायको पाण्यातून बाहेर येती तवा तर सगळे टाळ्या वाजवून राह्यल्ते."

बाईची समजूत कमी पडली असेल असं देवानंदला वाटलं. पण मागून पुंजाराम आला. "सायब, पुस्तक असावं तर असं. सरकारचा पूल लोक दगड दगड काढून नेतेत, तवा कुठं नाव चालू होती. मला बी मेंबर करा."

वाचनालय उघडंच टाकून देवानंद शिंप्याच्या दुकानात धावला. दुकान माणसांनी भरलेलं. मधोमध गयासोद्दीन मशिनीवर पुस्तक ठेवून बसलेला, आणि ते त्यानं उघडलं होतं शेवटच्या पानापासून. उर्दू पुस्तक उघडावं तसं. पानं मागून पुढं, चौकटी उजवीकडून डावीकडं. चित्रातली माणसं काय बोलतात ते तो आपल्या मनानंच सांगत होता.

"...तर मेलेला म्हातारा उठून बसला. बोलला, माझी नाव कुठं हाये? मंग लोकांनी चुलीतली लाकडं काढून नाव जोडून दिली..."

"गयासभाई," देवानंद रडकुंडीला येऊन म्हणाला, "तुम्ही उलटं वाचून राह्यले."

"उलटं कसं? किताब अशीच उघडतेत."

देवानंदनं पुस्तक फिरवून पहिल्या पानापासून दाखवलं. गयासोद्दीन बघत गेला, बघत गेला, आणि त्यानं हळूच पुस्तक मिटलं. "असं नका वाचू भाऊ. असं वाचलं तर सगळेच मरतेत."

एवढ्यावर भागलं असतं तरी देवानंदनं देवाला नारळ फोडला असता. पण काकासाहेब पडले गुत्तेदार, बांधकामाचे ठेके घेणारे. मोहल्ल्यातल्या नाल्यावर त्यांनी बांधलेला पूल गेल्या साली पुरात वाहून गेला होता आणि लोक अजून फळीवरून ये-जा करत होते. वाचनालयात पूल पाडायचं पुस्तक वाटतात, ही बातमी त्यांच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार?

रविवारी ते आले तेच लाल होऊन. मागं सभासद, आणि दारात सगळा मोहल्ला. "देवानंदराव, माझ्या वाचनालयात बसून माझ्याच नावानं बोंबा मारता का?"

"तसं न्हाई साहेब. लोकांनी ते मागून वाचलं. पुस्तकात पूल पाडत न्हाईत, बांधतेत."

"दाखवा."

देवानंदनं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पूल उभा राहिला तेव्हा काकासाहेबांची कळी खुलली. "बराबर. विकास हाये हा." मग नावेला गिऱ्हाईक राहिलं नाही. मग नाव चुलीत गेली. म्हातारा काठावर आडवा झाला आणि पुस्तक संपलं. दारात सरदारबी डोळे पुसत म्हणाली, "ही ती किताबच न्हाई."

"म्हणजे," काकासाहेब सावकाश म्हणाले, "पूल बांधला म्हणून हा मेला?"

खोटं बोलणं देवानंदला जमत नव्हतं. "तसंच म्हणावं लागंल."

"आणि मागून वाचलं तर?"

"मागून वाचलं तर पूल पाडला म्हणून जिता होतो, साहेब," गयासोद्दीननं भाबडेपणानं माहिती पुरवली.

"तुमचा पूल तर वाचायच्या आधीच गेल्ता," दारातून पुंजाराम म्हणाला.

झालं. दुपारी रहमतुल्लाचा हातगाडा दारात लागला. पुढून वाचलं तरी मेलं आणि मागून वाचलं तरी मेलं, असं पुस्तक अख्ख्या जगात आपल्याच वाट्याला कसं आलं, हे देवानंदला कळेना. गाडा वळणावरून दिसेनासा झाला तसा तो मटकन पायरीवर बसला. दुर्गाबाई गेली त्या दिवशीही तो असाच बसला होता.

पुढचे काही दिवस त्यानं कोणालाच काही वाचायला सांगितलं नाही. लोक पेपर वाचत होते, वाळवीही आपलं काम करत होती.

मग एका संध्याकाळी गयासोद्दीनच हात धरून त्याला दुकानात घेऊन गेला. कापडाच्या फळ्यांवर सगळ्या चित्रकादंबऱ्या नीट उभ्या लावलेल्या. रहमतुल्लाच्या घरी लग्न होतं आणि त्या लग्नाचे कपडे शिवून द्यायच्या बोलीवर गयासोद्दीननं अख्खा गाडा उतरवून घेतला होता. सरदारबी, पुंजाराम, सगळे आधीच बसलेले.

"या भाऊ." गयासोद्दीननं स्टूल सरकवलं आणि फळीवरून 'शेवटचा नावाडी' काढला. "हे आयका. लई चांगली किताब हाये."

देवानंद सांगणार होता की हे आपणच तुम्हाला दिलं. पण तो स्टुलावर टेकला. खरं तर या बाजूनं त्यानं ते कधी वाचलंच नव्हतं. म्हातारा उठून बसला. चुलीतली लाकडं परत आली, नाव जोडली गेली. पूल दगडा-दगडानं निघून गेला. मग पान आलं ते नुसत्या पाण्याचं.

"जल्दी करू नका," देवानंद म्हणाला.

गयासोद्दीन थांबला. मग देवानंदनं स्वतःच हात पुढं करून पान उलटलं. नावाड्यानं हात दिला होता आणि बायको ओल्या पदरानिशी नावेत चढत होती.

दुकानात टाळ्या झाल्या. पहिली टाळी आपणच वाजवली, हे देवानंदच्या जरा उशिरा लक्षात आलं.