अध्यक्ष महाराज शेट्ये

आखातातल्या फुजैराला नवी नवी आले तेव्हा मी शेजारच्या शेट्येभाऊजींना आमदार समजले आणि भावाच्या बदलीसाठी त्यांच्याकडे चिठ्ठी मागायला गेले. हा माणूस दार उघडतानाच "अध्यक्ष महाराज!" म्हणायचा, मग माझ्यासारख्या हुशार बाईने दुसरं काय समजावं? सोबत बेसनाचे लाडूही नेले होते. भाऊजींनी दोन लाडू खाल्ले आणि गंभीरपणे म्हणाले, "मागणी विचाराधीन आहे." ते बंदरातल्या जहाजांना कांदे-बटाटे पुरवतात, हे मला आठवड्याने कळलं. माझी नात अजून म्हणते, "आजी, यू वर सो डम्ब!"

सगळं खूळ भाऊजींच्या पणजोबांचं. ते खानदेशातले कापसाचे व्यापारी. पुढे कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात देशाचे कायदे करायला बसले. मिठाच्या करावर ते असे कडाडले की व्हाइसरॉयच्या हातातला कप हिंदकळला, असं भाऊजी सांगत. पुढच्या खेपेला कप फुटायचा. ड्रायव्हरला उशीर झाला की भाऊजी ओरडायचे, "यल्ला हबीबी, चल लवकर, सभागृह खोळंबलंय!" आमटी अळणी झाली की सभात्याग करून बाल्कनीत. भूक लागली की परत.

आता भाऊजी ऐंशीला आले. धंदा मुलाने बंद केला. एकच ध्यास उरला, नातवाला पणजोबा सांगायचे. परवा खलिफा सिटीत मुलाच्या घरी नातवाचा वाढदिवस होता. त्यासाठी महिनाभर भाषण घोकलं. "विरोधी पक्ष हवाच," म्हणून मलाही सोबत नेलं.

केक कापल्यावर भाऊजी उभे राहिले. "अध्यक्ष महाराज! बाळा, माझे पणजोबा जेव्हा कौन्सिलात..."

नातवाने थोडा वेळ नीट ऐकलं. मग बापाला हळूच विचारलं, "डॅड, व्हॉट इज ही सेइंग?"

"नथिंग, बेटा. ओल्ड स्टोरी. बाबा, खलास करा आता, बिर्याणी गार होतेय."

भाऊजी बसले.

परतताना टॅक्सीतून फुजैराचे काळे डोंगर दिसू लागले तरी ते बोलेनात. मला त्यांचं गप्प बसणं सोसेना, म्हणून चिडवलं, "काय हो, पणजोबा असे मुकाट बसले असते का?"

ते खिडकीबाहेरच बघत म्हणाले, "बसलेच होते, वहिनी. तिथे सगळं इंग्रजीत चालायचं, आणि त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. इतरांनी हात वर केले की हेही करायचे. घरी आले की मात्र दार लावून एकटेच मराठीत भाषण करायचे. माझे आजोबा तेव्हा लहान होते, ते दाराला कान लावून ऐकत बसायचे. नाहीतर त्यांना काय म्हणायचं होतं, ते कुणाला कळलं असतं?"