आकृती १७ पाहा

शेवटी पीएच.डी. आत्याला मिळाली. म्हणजे असं काही झालेलं नाही. विद्यापीठाने तशी लागलेली नोटीस जेवणाच्या सुट्टीआधीच फळ्यावरून काढली, काढल्याची नोंद ठेवली नाही आणि चौकशीला आलेल्यांनाच उलट विचारलं, "कसली नोटीस?" तेव्हा आपणही ते पहिलं वाक्य वाचलं नाही असं धरू आणि मुकाट्याने भाच्यापासून सुरुवात करू.

प्रतीक्षालयात माणसं कुठे बसतात, हा भाच्याच्या प्रबंधाचा विषय. त्यावर तो स्वतः इतकी वर्षं बसून होता, की घरात त्याला 'डॉक्टर' म्हणायची थट्टा जुनी होऊन तिची सवय झाली होती. खालच्या मजल्यावरच्या काकू अधूनमधून गुडघा दाखवायला येत आणि तो 'शेक घ्या' म्हणून मोकळा होई, कारण आपण डॉक्टर नाही हे सांगायला फार वेळ लागायचा. आता मात्र मुदत संपत आली होती. शुक्रवारपर्यंत प्रबंध जमा झाला नाही, तर नोंदणी रद्द. म्हणजे सगळी वर्षं पाण्यात आणि शिवाय काकूंना खरं सांगावं लागणार.

त्याच्या मार्गदर्शक सरांची श्रद्धा एकाच गोष्टीवर होती. तक्त्याचं शीर्षक तक्त्याच्या डोक्यावर आणि आकृतीचं शीर्षक आकृतीच्या पायाशी. निष्कर्ष चुकला तर सर समजून घेत. शीर्षक चुकलं तर दोन दिवस बोलत नसत. त्यांनी प्रबंध तीनदा डोळ्यांखालून घातला, 'यात एकूण एकेचाळीस आकृत्या असून प्रत्येक आकृती योग्य जागी आहे' अशा प्रमाणपत्रावर सही ठोकली आणि ते परिषदेला परगावी निघून गेले.

बाइंडिंगवाल्याने पानं लावता लावता विचारलं, "सतरा नंबर कुठंय?"

सोळा होती. अठराही होती. मधे एक देखणी रिकामी चौकट होती, पायाशी नुसतं 'आकृती १७'. फार वर्षांपूर्वी भाच्याने 'आकृती १७ पाहा' असं लिहून ठेवलं होतं, काढू नंतर म्हणून. ते नंतर आलंच नाही. पण चौथं प्रकरण मात्र तिच्या जिवावर फोफावत गेलं होतं. 'आकृती १७ वरून हे स्वच्छ दिसते.' 'आकृती १७ मुळे या शंकेचे निरसन होते.' एका ठिकाणी तर 'वाचकाने आकृती १७ पुन्हा एकदा बारकाईने पाहावी' असंही होतं. रिकाम्या चौकटीशेजारी सरांनी हिरव्या शाईत शेरा मारला होता : छान आकृती. शीर्षक योग्य जागी.

"गाळून टाका की," बाइंडिंगवाला म्हणाला.

गाळली तर अठराची सतरा होणार, पुढच्या सगळ्या एकेक पायरी खाली येणार, एकूण चाळीस भरणार आणि सरांची सही एकेचाळिसांवर. सही परगावी. म्हणजे आकृती हवीच होती आणि तीही चौथ्या प्रकरणाला शोभेल अशी. चौथ्या प्रकरणाचं म्हणणं होतं, की शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचला असं सांगण्यापेक्षा माणूस उभं राहणं पसंत करतो.

भाच्याने फोन चाळायला घेतला आणि घरच्या ग्रुपवर त्याला आत्या सापडली. दाताच्या दवाखान्यात एका खुर्चीवर आत्या, शेजारच्या खुर्चीवर तिची नवी पिशवी आणि मागे भिंतीला टेकून तिघे जण उभे. फोटो पिशवी दाखवायला टाकलेला होता. तो काढायला आत्याने उभ्यांपैकीच चौथ्याला लावलं होतं.

फोटो चौकटीत चपखल बसला. खाली भाच्याने लिहिलं, 'आकृती १७ : पिशवीने अडवलेली खुर्ची व उभे असलेले तीन रुग्ण. स्रोत : संशोधकाची आत्या.' विभागातल्या लिपिकाने ते बोट ठेवून वाचलं. फोटो दुसऱ्याचा, म्हणजे दुसऱ्याचं संमतिपत्र लागेल, असं त्याचं म्हणणं पडलं. भाचा पान घेऊन आत्याकडे गेला.

आत्याने चष्मा लावला. "अडवलेली काय? मी ठेवलीये."

"बरं, 'पिशवी ठेवलेली खुर्ची' करतो."

"नवी पिशवी."

"आत्या, प्रबंधात नवी-जुनी असं नसतं गं."

"मग माझ्याकडेही संमती-बिमती नसते."

भाच्याने 'नवी' घातलं. मग आत्याचं बोट तीन रुग्णांवर सरकलं. त्यातला मधला रुग्ण नव्हता, तो दातांचा डॉक्टर होता, असं तिने सांगितलं. तो का उभा होता, हे तिला ठाऊक नव्हतं. त्याने काही म्हटलं नाही, म्हणून तिनेही विचारलं नाही. 'दोन रुग्ण व एक दंतवैद्य' अशी दुरुस्ती झाली. तेव्हा कुठे आत्याने सही केली, तीही एका अटीवर. तोंडी परीक्षेला ती येणार. आपला फोटो लोक कसा बघतात ते तिला बघायचं होतं.

प्रबंध शुक्रवारी जमा झाला. काही महिन्यांनी बाहेरच्या विद्यापीठातल्या परीक्षकांचा अहवाल आला. बाकी सगळं ठीक, पण चौथं प्रकरण हास्यास्पद आहे; शहाणासुरता माणूस 'जरा पिशवी घेता का' एवढं म्हणणार नाही हे आम्हांस मान्य नाही; उमेदवाराने समक्ष पटवून द्यावे, अन्यथा पदवीची शिफारस करता येणार नाही. भाच्याची झोप उडाली. आत्याने साडीला इस्त्री केली.

परीक्षेच्या दिवशी विभागातल्या जादा खुर्च्या दुसऱ्या परीक्षेसाठी गेल्या होत्या. उरल्या तेवढ्यांवर लिपिक नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायला लागला, त्याही खुर्च्यांच्या पाठीवर. सरांनी त्याला अडवलं. खुर्ची काही तक्ता नव्हे, तिला आकार आहे, सबब तिचं नाव खाली. लिपिकाने वाद घातला नाही. 'परीक्षक' ही चिठ्ठी त्याने खुर्चीच्या पुढच्या पायाला, जमिनीपासून चार बोटांवर चिकटवली.

आत्या सगळ्यांच्या आधी आली. पुढची जागा बघून बसली आणि पायाला चिठ्ठी असलेल्या शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली.

परीक्षक आले. भारदस्त गृहस्थ, त्यात प्रवासाने आंबलेले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. नजर पिशवीवर आली, आत्यावर गेली, आत्याने नमस्कार केला, त्यांनीही केला. मग ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. सर अर्धवट उठले. "असू द्या, असू द्या," परीक्षक म्हणाले, आणि सर लगेच बसले. सगळेच बसले. परीक्षा सुरू झाली.

"तुमचं चौथं प्रकरण," परीक्षक एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत म्हणाले, "मला अजिबात पटलेलं नाही."

भाचा म्हणाला, "सर, आपण बसून घेता का?"

"मी ठीक आहे."

"पिशवी उचलायला सांगू?"

"छे छे, त्यांना कशाला त्रास."

भाच्याने प्रबंध उघडला, योग्य पान काढलं आणि इतकी वर्षं जे नुसतं लिहीत आला होता ते पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं.

"आकृती १७ पाहावी, सर."

परीक्षकांनी आकृती पाहिली. मग समोर पाहिलं. आकृतीतली पिशवी तीच होती, फक्त आता तितकी नवी राहिली नव्हती. ते बराच वेळ आकृतीतल्या उभ्या दंतवैद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी अहवालाचा कागद मागवला आणि टेकायला काही नसल्याने खिडकीच्या काचेवर धरून, वाकड्यातिकड्या अक्षरात 'पदवीस पात्र कोण व कशामुळे' या रकान्यात एवढंच लिहिलं : आकृती १७.

लिपिक नेमका माणूस. त्याने आकृत्यांची सूची उघडली, सतरावर बोट ठेवलं, स्रोत वाचला, संमतिपत्रावरून पूर्ण नाव उतरवून घेतलं आणि नोटीस लावली. ती नोटीस कधी लागलीच नव्हती, हे आपलं ठरलंच आहे. भाच्याला त्याची पदवी रीतसर मिळाली. फक्त घरात त्याला आता कोणी डॉक्टर म्हणत नाही, आणि काकू गुडघा घेऊन थेट आत्याकडे जातात. आत्याही शेकच सांगते, पण तिच्या शेकाने फरक पडतो म्हणे.

परवा विद्यापीठात एक अर्ज दाखल झाला आहे.

'मा. कुलसचिव यांस. विषय : पदवीदान समारंभातील बैठकव्यवस्था. महोदय, माझ्या भाच्याच्या पदवी-प्रमाणपत्रावर त्याच्या नावाखाली, म्हणजे पायाशी, "आकृती १७ पाहा" असे छापण्यात यावे. तसेच समारंभात पहिल्या रांगेत मला दोन खुर्च्या राखून ठेवाव्यात. व्यासपीठावरील मान्यवरांपैकी कोणास उभे राहावे लागल्यास त्यांनी तसे तोंडाने सांगावे, विचार करता येईल. कळावे. आपली विश्वासू, स्रोत.'