कार्डाची उत्तरपूजा

श्रेयस पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाला, तेव्हापासून भोरच्या त्या घरात कुठलीही वस्तू नुसती बिघडत नसे, ती 'निरीक्षणाखाली' जात असे. मिक्सर दिवाळीपासून निरीक्षणाखाली होता. गीझर तर इतका काळ, की वडील गंगाधरराव आता भेटेल त्याला थंड पाण्याच्या अंघोळीचे फायदे सांगू लागले होते!

खंडेनवमीच्या सकाळी श्रेयसने चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "आज कॉम्प्युटर सुधारतो."

"चालतोय तो!" त्याची धाकटी बहीण चैत्राली किंचाळली. "दुपारी माझा इंटरव्ह्यू आहे, दादा!"

पुण्याच्या कंपनीला कुठली आलीय खंडेनवमी! इंटरव्ह्यू कॉम्प्युटरवरूनच द्यायचा, मोबाईल चालणार नाही, अशी सक्त ताकीद होती. नोकरी घरून करायची होती. मिळाली, तर पहाटेच्या एसटीत उभं राहून रोज पुणं गाठणं कायमचं सुटणार होतं. चैत्राली आठवडाभर आरशासमोर उत्तरं पाठ करत होती.

"अगं, मोबाईलला वायर जोडून इंटरनेट घ्यायचं म्हणजे वाटीने विहीर उपसणं! मी नेटवर्क कार्ड आणलंय. गल्लीतली ब्रॉडबँडची वायर थेट यात. बघच तू!"

तळहाताएवढी ती हिरवी पट्टी त्याने कॉम्प्युटरच्या पोटात खोचली आणि स्क्रू आवळला. इकडे आई, म्हणजे सुलूताई, पाटावर हत्यारं मांडत होत्या. विळी, कात्री, गंगाधररावांचा नोकरीतला स्टेपलर. श्रेयसचा स्क्रूड्रायव्हरही त्यांनी उचलून पाटावर ठेवला. जाता जाता कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं.

"आई, हे यंत्र आहे!"

"म्हणूनच तर!"

श्रेयसने कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला कार्ड कसं वापरायचं ते शिकवणारा प्रोग्राम, भरला. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. पडदा उजळला, निळा झाला, त्यावर एक रडका चेहरा उमटला आणि सगळं विझलं. पुन्हा आपोआप सुरू. पुन्हा रडका चेहरा!

"कुंकू आत गेलं!" विज्ञानाचा पहिला निष्कर्ष बाहेर पडला.

"कुंकू वरच्या पत्र्याला लावलंय," सुलूताई म्हणाल्या. "आत हात तू घातलास."

एवढ्यात दसऱ्यासाठी झेंडू घेऊन उत्रोलीचा गेनबा आला. टोपलं खाली ठेवून तो पडद्याकडे बघतच राहिला. "ह्येला ऑटो बसवलाय व्हय? आमची हिरीवरची मोटार बी अशीच. लाइट आली की सुरू, लगीच ढप्प! लई वंगाळ खोड." आणि पुढचा खेळ बघायला त्याने भिंतीला टेकून बैठक मारली.

श्रेयसने कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये उघडला. त्यात कार्डाचा ड्रायव्हर चालूच होत नाही, त्यामुळे कॉम्प्युटर शहाण्यासारखा उघडला. श्रेयसने ड्रायव्हर पुसून टाकला आणि दोन्ही हात वर केले. "आता नेहमीसारखा सुरू होणार!"

झालाही. पण सुरू होताच कॉम्प्युटरला कार्ड दिसलं. आगाऊ पाहुण्याने न सांगता ताट वाढून घ्यावं, तसा त्याने तोच ड्रायव्हर आपणहून पुन्हा बसवला. रडका चेहरा परत हजर!

"दादा, कार्ड काढ आणि मोबाईलची वायर लाव," चैत्रालीचा आवाज चिरकला.

"काढलं तर कॉम्प्युटर चालू होईल!"

"मग हवंय काय आपल्याला?"

"पण दोष कार्डात की ड्रायव्हरमध्ये, हे कधीच सिद्ध होणार नाही!" मग त्याने पाटाकडे पाहिलं आणि तोंड सात्त्विक केलं. "शिवाय स्क्रूड्रायव्हर पूजेत आहे. आजच्या दिवशी हत्यार उचलू नये."

गणपतीच्या आरतीलाही 'ध्वनिप्रदूषण' म्हणणारा हा मुलगा! गंगाधररावांच्या हातून वर्तमानपत्र गळून पडलं.

सुलूताई पुढे झाल्या. चिमूटभर अक्षता घेतल्या, स्क्रूड्रायव्हरवर टाकल्या, कॉम्प्युटरवर टाकल्या. "पुनरागमनाय च! झाली उत्तरपूजा. काढ आता."

"अगं, ते शेवटचं कशाला म्हणालीस?" गंगाधरराव कळवळले. "परत ये म्हणून सांगितलंस त्याला!"

कार्ड निघालं, मोबाईलची वायर लागली, कॉम्प्युटर मुकाट सुरू झाला आणि चैत्रालीने पहिली फेरी झोकात मारली. "जेवून घ्या," तिकडून सांगितलं, "मग आमचे मोठे साहेब बोलतील."

ती स्वयंपाकघरात गेली. चार घास वरणभात पोटात ढकलून परतली, तर पडद्यावर रडका चेहरा! आणि टेबलाखालून श्रेयसचे पाय बाहेर आलेले.

"एकच प्रयोग!" पाय बोलले. "नवा ड्रायव्हर मिळाला होता गं! कारण सापडतच आलं होतं!"

"आलं की परत!" गेनबाने मांडीवर थाप मारली.

"मी म्हणालो होतो," गंगाधरराव पुटपुटले.

चैत्रालीने भावाला पायाला धरून बाहेर ओढलं. वीज बंद केली. स्क्रू अजून आवळलेला नव्हता, तिने बोटांनीच कार्ड उपसलं आणि आईच्या हातात ठेवलं. "हे नीरा नदीत टाक. आणि या वेळी मंत्र म्हणू नकोस!"

कॉम्प्युटर सुरू व्हायला आणि मोठे साहेब पडद्यावर यायला एकच गाठ पडली. चैत्रालीच्या केसात झेंडूची पाकळी अडकलेली होती, पण उत्तरं एकदम खणखणीत. शेवटी साहेबांनी विचारलं, "घरून काम करताना तांत्रिक अडचण आली, तर मदतीला घरात कुणी आहे का?"

सगळ्यांच्या माना श्रेयसकडे वळल्या. त्याने कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला आणि कॅमेऱ्याच्या दिशेने एक पाऊल टाकलं.

"नाही सर," चैत्राली म्हणाली. "घरात असं कुणीही नाही."

नोकरी मिळाली. कंपनीने कोरा करकरीत लॅपटॉपही पाठवला. काम संपलं की चैत्राली तो कपाटात ठेवते आणि किल्ली उशाखाली. श्रेयस मात्र काळजीत आहे. कपाटाच्या दाराला कान लावून त्याने ऐकलंय. त्याच्या मते लॅपटॉपचा पंखा बंद असतानाही जरा आवाज करतो, एकदा उघडून पाहायलाच हवा!